न दिसणें आणि नसणें

चुकीच्या विधानांनीं माणसाचें नुकसान होतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु खऱ्या विधानांनींही तें होऊं शकतें, हें आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. विधान खरें असणें ही एक गोष्ट आणि तें योग्य ठिकाणीं लावणें ही दुसरी. "अमुक रोग आपल्या लोकांत क्वचित् होतो" हें अशाच जातीचें एक विधान आहे. वैद्यकाच्या ग्रंथांत त्याला एका ओळीहून अधिक जागा मिळत नाहीं. पण ग्रंथांतून डॉक्टरच्या मनांत आणि मनांतून रोग्याच्या खाटेपाशीं येईपर्यंत त्याचें रूप पालटत जातें. "क्वचित् होतो" याचें "होत नाहीं" असें होतें. "होत नाहीं" याचें "या रोग्यास झालेला नाहीं" असें होतें. आणि शेवटीं "म्हणून तपासून पाहण्याचें कारण नाहीं" असा निकाल लागतो. यांतील पहिलें वाक्य संख्याशास्त्राचें आहे, शेवटचें आचरणाचें. एकापासून दुसऱ्यापर्यंत जाण्याची ही जी वाट आहे, तिच्यावर कोठें तरी एक नैतिक प्रश्न उभा आहे, आणि त्याचाच विचार येथें करावयाचा आहे. जें आपण पाहिलेंच नाहीं तें नाहीं असें धरून चालणें हा केवळ बुद्धीचा दोष, कीं सदाचाराचाही?

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून एक रोग घेऊं. डॉक्टर त्याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर फुप्फुसाच्या धमनींत रक्ताची गुठळी अडकणें. मोठी शस्त्रक्रिया झाली, मोडलेला पाय प्लॅस्टरमध्यें अडकून पडला, कर्करोग जडला, बाळंतपण झालें, किंवा विमानांत वा मोटारींत तासन् तास पाय मुडपून बसावें लागलें, म्हणजे पायांतील खोल शिरांतून वाहणारें रक्त मंदावतें, किंवा गोठण्याकडे त्याचा कल वाढतो, आणि पोटरींत वा मांडींत गुठळी तयार होते. ती तेथेंच राहिली तर पाय सुजतो, दुखतो. पुष्कळदां तेंही होत नाहीं. पण ती सुटली म्हणजे रक्ताच्या ओघाबरोबर वर चढते, हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून जाते आणि फुप्फुसाच्या धमनींत जाऊन अडकते. गुठळी लहान असली तर धाप लागते, बरगडींत कळ येते, कधीं खोकल्यावाटे रक्त पडतें; मोठी असली तर हृदयाच्या उजव्या बाजूवर एकाएकीं असह्य भार पडून मनुष्य कांहीं मिनिटांत जातो.

पायांतील गुठळी आणि छातींतील हा घात यांचा संबंध जगाला फार उशिरां कळला. फुप्फुसांत सांपडणारी गुठळी तेथेंच झालेली असावी, असें मानण्याकडे पूर्वीं कल होता. बर्लिन येथें शवविच्छेदनाचें काम करणाऱ्या रुडोल्फ फिर्खो यानें, वयाच्या अवघ्या पंचविशींत, १८४६ च्या सुमारास ती दुसरीकडून वाहत आलेली असते हें दाखवून दिलें. कुत्र्यांच्या शिरांत रबराचे तुकडे सोडून ते फुप्फुसांत जाऊन पोंचतात हें त्यानें प्रयोगानें सिद्ध केलें. तात्पर्य, हा रोग ज्या दिवशीं शास्त्राला कळला त्या दिवसापासून त्याचा एक गुण स्पष्ट आहे: तो जेथें जन्मतो तेथें बोलत नाहीं, आणि जेथें बोलतो तेथें दुसऱ्याच्या आवाजांत बोलतो. धाप दम्यानेंही लागते, पंडुरोगानेंही लागते. छातींतील कळ न्यूमोनियाचीही असते. चक्कर तर अशक्तपणाचीच समजली जाते. बाळंतिणीनें "दम लागतो" म्हटलें तर घरांतील वडीलधारीं माणसें "अंगांत रक्त नाहीं, होईल हळूहळू बरें" असें म्हणून तिला शिरा खाऊं घालतात. तेव्हां या रोगाचें निदान बहुधा तोच करतो, ज्याच्या मनांत त्याची शंका अगोदर येते.

शंका येण्याला महत्त्व एवढ्याचसाठीं कीं रोगावर उपाय आहे. ब्रिस्टल येथें झालेल्या एका चाचणीची हकीकत १९६० सालीं प्रसिद्ध झाली. एकंदर ३५ रोगी होते. ज्या १९ जणांना रक्त गोठूं न देणारें औषध दिलें नव्हतें त्यांपैकीं ५ जण या गुठळीनेंच दगावले; ज्या १६ जणांना तें दिलें त्यांपैकीं या कारणानें एकही गेला नाहीं. संख्या लहान होती, परंतु औषध रोखून धरणें यापुढें योग्य ठरणार नाहीं इतकी खात्री वैद्यांची झाली. ज्या संकटावर इलाज नाहीं तें न ओळखणें दुःखाचें असेल, पण दोषाचें नसतें. ज्यावर इलाज आहे तें न ओळखण्याची गोष्ट निराळी.

आतां या रोगाविषयींची ती समजूत. तो पाश्चात्त्यांचा रोग, आशियाई लोकांत तो विरळा, असें डॉक्टरांच्या अनेक पिढ्या शिकत आल्या. ही समजूत कोणीं दुष्ट बुद्धीनें पसरविलेली नाहीं. तिला आधार आहे, आणि तो प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. कॅलिफोर्निया राज्यांतील इस्पितळांच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. पायांतील खोल शिरेंत उघड कारणावांचून गुठळी होण्याचें वार्षिक प्रमाण दर लाख प्रौढांत गोऱ्या लोकांत २३, आफ्रिकी वंशाच्या लोकांत २९, आणि आशिया व पॅसिफिक बेटें येथील वंशाच्या लोकांत अवघें ६ असें त्यांत आढळलें. राज्य एक, इस्पितळें तींच, यंत्रें तींच. तेव्हां हा सारा फरक पाहणाऱ्याच्या नजरेचा आहे असें म्हणतां येत नाहीं. त्यापूर्वीं चार वर्षें, १९९४ सालीं, हॉलंडमधील लायडेन येथें रक्त गोठविणाऱ्या एका घटकांतील आनुवंशिक दोष सांपडला होता. 'फॅक्टर पांच लायडेन' या नांवानें तो ओळखला जातो. युरोपीय वंशाच्या सुमारें वीस माणसांत एकाच्या ठायीं तो असतो. चिनी व जपानी लोकांत तो जवळजवळ नाहींच. म्हणजे फरकाला रक्तांतील कारणही मिळालें.

एवढ्यावर "हा रोग आपला नव्हे" असें म्हणून पुस्तक मिटावें, हें सोपें होतें. पण एक कारण नसलें म्हणजे कार्य नसतें असें नाहीं. घराला आग लागण्याचें एक कारण चूल. ज्या घरांत चूल नाहीं तें घर जळणार नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. जपानी लोकांत लायडेनचा दोष नाहीं, परंतु रक्ताला गोठण्यापासून आवरणाऱ्या 'प्रोटीन एस्' नामक घटकाचा एक दोष शंभरांत सुमारें दोघांच्या ठायीं असतो, आणि तो युरोपांत आढळत नाहीं. शस्त्रक्रिया, कर्करोग, म्हातारपण आणि अंथरुणास खिळणें हीं तर सर्व वंशांना सारखींच आहेत.

येथें आपल्या प्राचीन दर्शनकारांनीं केलेला एक विचार फार उपयोगी पडतो. जमिनीवर घट नाहीं हें आपल्याला कसें कळतें? भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणतात कीं 'अनुपलब्धि', म्हणजे न आढळणें, हें ज्ञानाचें एक स्वतंत्र साधन, एक प्रमाण आहे. नैयायिकांना तें स्वतंत्र प्रमाण म्हणून मान्य नाहीं. त्यांच्या मतें ती प्रत्यक्षाचीच साहाय्यक. हा वाद पुष्कळ जुना आहे. परंतु एका गोष्टीवर दोन्ही पक्ष एक आहेत, आणि आपल्याला तीच हवी आहे. प्रत्येक न आढळणें प्रमाण होत नाहीं. योग्य न आढळणेंच होतें. "घट येथें असता तर तो मला दिसलाच असता" असें ज्याला म्हणतां येईल, त्यालाच "घट येथें नाहीं" असें म्हणण्याचा अधिकार. खोलींत उजेड आहे, डोळे उघडे आहेत, दृष्टि तिकडे वळलेली आहे, मध्यें आडोसा नाहीं: एवढें असेल तर घट न दिसणें हें घट नसल्याचें ज्ञान होय. अंधारांत मात्र घट दिसत नाहीं याचा अर्थ इतकाच कीं अंधार आहे.

आशियांतील इस्पितळांत या रोगाच्या बाबतींत पुष्कळ काळ अंधार होता. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचें चित्र घेण्याचीं यंत्रें थोडीं, तीं मोठ्या शहरांत, आणि खर्चाचीं. पायांतील शिरा यंत्रानें पाहण्याची चाल नाहीं. मृत्यूनंतर शवविच्छेदन करूं देण्यास घरचीं माणसें राजी नाहींत. अशा स्थितींत जमलेली "क्वचित् आढळतो" ही नोंद रोगाची नोंद होती कीं अंधाराची? ज्या ठिकाणीं कोणीं दिवा नेला त्या ठिकाणीं काय दिसलें तें पाहावें. चंदीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेंत एक हजार शवविच्छेदनांचा आढावा घेण्यांत आला व तो २००८ सालीं प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेचे नव्हेत तर औषधोपचाराचे हे प्रौढ रोगी होते, आणि त्यांपैकीं शंभरांत सुमारें सोळा जणांच्या फुप्फुसांत गुठळ्या सांपडल्या. आशियांतील सात देशांतील एकोणीस केंद्रांत, खुब्याच्या वा गुडघ्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आणि गुठळीवर प्रतिबंधक औषध न घेतलेल्या रोग्यांच्या शिरांचें चित्र घेतलें गेलें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत शंभरांत ४१ जणांच्या पायांत गुठळ्या होत्या. दक्षिण कोरियांत गुठळ्यांच्या रोगांचें निदान २००४ सालीं लाखांत सुमारें ९ जणांचें होई. २००८ सालीं तें सुमारें १४ वर गेलें. चार वर्षांत राष्ट्राचें रक्त बदलत नाहीं. पाहणाऱ्यांची नजर बदलूं शकते.

या आकड्यांनाही मर्यादा आहेत, हें विसरून चालणार नाहीं. ज्यांचें शवविच्छेदन होतें ते मृत्यु पावलेल्यांचे सरासरी प्रतिनिधि नसतात. त्या सात देशांच्या पाहणींतील बहुतेक गुठळ्या गुडघ्याखालच्या होत्या, आणि तशा गुठळ्यांतील पुष्कळ आपोआप विरून जातात. मांडीपर्यंत चढलेल्या दहांत एकाच्या आसपास होत्या. तेव्हां आशियाई मनुष्यास हा रोग युरोपियाइतकाच होतो असें यांतून सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें एवढेंच कीं "क्वचित्" या शब्दाच्या पोटांत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र राहत होत्या. एक खरोखरचा कमीपणा, आणि दुसरें न पाहणें. पहिल्याच्या आश्रयानें दुसरें निर्धास्त राहिलें.

ही समजूत निदानाच्या गणितांतही कशी शिरते तें पाहण्यासारखें आहे. धाप लागलेल्या रोग्यास गुठळी असण्याचा संभव किती, हें ठरविण्यासाठीं कॅनडांतील वेल्स या डॉक्टरच्या नांवानें ओळखली जाणारी एक गुणपद्धति जगभर वापरतात. नाडी मिनिटाला शंभरावर असेल तर दीड गुण; नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल वा रोगी खिळून असेल तर दीड; पूर्वीं गुठळी झाली असेल तर दीड; खोकल्यावाटे रक्त पडत असेल तर एक; कर्करोग असेल तर एक; पायांत गुठळीचीं चिन्हें असतील तर तीन. आणि याखेरीज, दुसऱ्या कोणत्याही रोगापेक्षां हाच रोग अधिक संभवनीय आहे असें डॉक्टरला वाटत असेल तर तीन. एकूण चाराच्या वर गेलें म्हणजे रोग संभवनीय. या तीन गुणांकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. तें रोग्याचें लक्षण नाहीं. तें डॉक्टरचें मत आहे. शस्त्रक्रियेनंतर खाटेवर पडलेला, नाडी जलद चालणारा रोगी घ्या. त्याचे तीन गुण झाले. "हा आशियाई, याला हें व्हावयाचें नाहीं" असें ज्याच्या मनांत आहे तो डॉक्टर पुढचे तीन देणार नाहीं आणि बेरीज तीनावर थांबेल. दुसरा देईल आणि ती सहा होईल. ज्याला आपण पुरावा समजतों त्यांत आपली समजूत आधींच मिसळलेली असते, आणि बेरीज झाल्यावर ती वेगळी काढतां येत नाहीं.

बरें, 'आशियाई' म्हणजे तरी कोण? इंग्लंडांत हा शब्द उच्चारला कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें गुजराथी, पंजाबी वा बंगाली मनुष्य उभा राहतो. अमेरिकेंत चिनी, जपानी वा कोरियन. अमेरिकेच्या १९७० च्या शिरगणतींत भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली. १९८० पासून ती आशियाईंत होऊं लागली. त्या दहा वर्षांत त्यांच्या शिरांतून वाहणाऱ्या रक्तांत कांहीं फरक पडला नव्हता. फरक पडला तो खानेसुमारीच्या कागदावर. लायडेनचा जो दोष जपानांत जवळजवळ नाहीं तो भारतांत थोड्या प्रमाणांत आढळतो. गुठळीवर देण्याचें वॉरफरिन नामक औषध चिनी रोग्यांना युरोपीयांपेक्षां कमी मात्रेंत पुरतें, याचें कारण त्यांच्यांतील बहुतेकांच्या ठायीं असणारा एक आनुवंशिक भेद. पण सिंगापुरांत चिनी, मलायी आणि भारतीय असे तीन समाज एका शहरांत एकाच इस्पितळांत उपचार घेतात, आणि तेथें भारतीयांना इतर दोघांहून जास्त मात्रा लागते असें दिसून आलें आहे. 'आशियाई माणसाला औषध कमी द्यावें' हा नियम टोकियोंतील रोग्याचें रक्षण करील आणि सिंगापुरांतील तमिळ रोग्याची गुठळी वाढूं देईल.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणें ऐकलें पाहिजे, कारण तें पोकळ नाहीं. कोणी म्हणेल, "डॉक्टरपुढें दिवसाकाठीं शंभर माणसें येतात. प्रत्येकाच्या बाबतींत प्रत्येक रोगाचा संशय घेत बसला तर तो वेडा होईल आणि रोगी भिकेला लागेल. संभव पाहूनच चालावें लागतें. आणि संभव समूहावरूनच कळतो." हें खरें आहे. फुप्फुसाचें चित्र घेण्यास पैसा लागतो, त्यांत किरणांचा मारा होतो, चित्रासाठीं टोंचावें लागणारें द्रव्य कांहींच्या मूत्रपिंडास बाधतें. दुसरें, प्रतिबंधक औषध म्हणजे अमृत नव्हे. रक्त गोठूं न देणारें औषध रक्तस्राव करूं शकतें, आणि पूर्व आशियांतील लोकांत तो धोका अधिक मानला जातो. तेव्हां न पाहणारा डॉक्टर आळशी किंवा निर्दय असतो असें समजणें अन्यायाचें होईल. पुष्कळदां तो रोग्याला जपतच असतो.

तरी पण त्याच्या जपण्यांत एक विषमता आहे. औषध दिल्यानें रक्तस्राव झाला तर तो सर्वांना दिसतो. पट्टी लाल होते, नातेवाईक विचारतात, दोष डॉक्टरकडे येतो. औषध न दिल्यानें गुठळी सुटली तर काय होतें? शस्त्रक्रिया यशस्वी झालेली असते. उद्यां घरीं सोडावयाचें असतें. रोगी पहिल्यानेंच उठून न्हाणीघरापर्यंत जातो आणि दारांत कोसळतो. दाखल्यावर कारण लिहिलें जातें 'हृदयक्रिया बंद पडून', आणि वर्तमानपत्रांतही तेंच छापून येतें. प्रत्येक मृत्यूंत हृदयक्रिया बंद पडतेच. त्यामुळें हें वाक्य कधींच खोटें ठरत नाहीं आणि कधींच कांहीं सांगत नाहीं. घरचीं माणसें म्हणतात, "आयुष्याची दोरी तेवढीच होती." कोणी कोणास विचारीत नाहीं, कोणी कोणास बोल लावीत नाहीं. केलेल्या कृत्याची जबाबदारी येते. न केलेल्याची दैवावर जाते. आणि दैवाच्या खातीं गेलेला प्रत्येक मृत्यु "हा रोग आपल्याकडे होत नाहीं" या समजुतीस आणखी एक आधार होऊन बसतो, कारण नोंदवहींत त्याचें नांव निराळें असतें.

इंग्रज विचारवंत विल्यम क्लिफर्ड यानें १८७७ सालीं श्रद्धेच्या नीतीवर लिहिलेल्या निबंधांत एका जहाजमालकाचा दृष्टान्त दिला आहे. जहाज जुनें झालेलें, दुरुस्तीस खर्च, मालक मनाची समजूत घालतो कीं तें इतक्या सफरींतून सुखरूप आलें आहे, आतांही येईल. तें बुडतें. क्लिफर्ड म्हणतो कीं मालकाचा विश्वास मनापासूनचा असला तरी तो दोषी, कारण तसा विश्वास धरण्याचा अधिकार त्यानें चौकशी करून मिळविला नव्हता. आणि पुढें तो म्हणतो कीं जहाज सुखरूप पोंचलें असतें तरी तो तितकाच दोषी ठरला असता. आपल्या विषयाला दृष्टान्ताचा हा उत्तरार्ध अधिक लागू आहे. विरळ रोगाकडे न पाहणारा डॉक्टर बहुतेक वेळां बरोबरच ठरतो. शंभर सफरींतून नव्वदाहून अधिक जहाजें पोंचतात. म्हणून परिणामावरून नीति ठरवूं गेलें तर त्याला आपली चूक कधींच कळणार नाहीं. क्लिफर्डशीं एका बाबतींत मात्र मतभेद होतो. पुराव्यावांचून कधींच विश्वास ठेवूं नये असें त्याचें सांगणें. डॉक्टरला तें परवडत नाहीं. मध्यरात्रीं धापा टाकणाऱ्या माणसापुढें त्याला अपुऱ्या पुराव्यावरच हात चालवावा लागतो. त्याच्याकडून पूर्ण ज्ञानाची अपेक्षा करणें गैर आहे. अपेक्षा एवढीच करतां येते कीं अंदाजाला त्यानें अंदाज म्हणावें, आणि तो तपासण्याची वाट उघडी ठेवावी.

ही अपेक्षा अवास्तव नाहीं, याचा दाखला त्याच वैद्यकशास्त्रांत आहे. वॉरफरिन सुरू करतांना डॉक्टर वय, वजन, वंश यांवरून पहिल्या मात्रेचा अंदाज बांधतो. पण तेवढ्यावर तो थांबत नाहीं. थोड्या थोड्या दिवसांनीं रोग्याचें रक्त तपासतो, आणि तें रक्त सांगेल त्याप्रमाणें मात्रा वाढवितो किंवा उतरवितो. प्रथम जातिकुळाकडून अंदाज घेतला, मग त्या एका माणसाला विचारलें, आणि दोहोंत विरोध आला तेव्हां माणसाचें ऐकलें. वंश हा प्रश्न विचारण्यास आरंभ करून देऊं शकतो. उत्तर देण्याचा अधिकार त्याला नाहीं. औषधाच्या मात्रेच्या बाबतींत जो नियम निमूटपणें पाळला जातो तोच निदानाच्या बाबतींत पाळावा, एवढेंच मागणें आहे. आणि तें फार खर्चाचेंही नाहीं. ज्यांच्या बाबतींत संभव थोडा आहे त्यांचें 'डी-डायमर' नांवाचें एक रक्ततपासणीचें साधन आहे. तें निर्दोष आलें तर गुठळीचा विचार बहुतेक सोडून देतां येतो. दर्शनकारांच्या भाषेंत, ही योग्य अनुपलब्धि. असतें तर दिसलें असतें, अशा ठिकाणीं पाहून मग "नाहीं" म्हणणें.

समाजानें मनावर घेतलें तर काय करतां येतें हें जपाननें दाखविलें आहे. तेथेंही ही समजूत होती. २००२ सालीं विश्वचषकाचे सामने जपानांत व कोरियांत व्हावयाचे असतां नाओहिरो ताकाहारा हा जपानचा तरुण फुटबॉलपटू लांबच्या विमानप्रवासानंतर याच रोगानें आजारी पडला आणि स्पर्धेस मुकला. गुठळी धडधाकट जपानी तरुणासही गांठते हें घरोघरीं कळलें. २००४ च्या एप्रिलपासून इस्पितळांतील रोग्यांस गुठळी होऊं नये म्हणून केलेल्या उपायांचा मोबदला तेथील आरोग्यविम्यांतून मिळूं लागला. त्याच वर्षीं प्रतिबंधाचे नियमही प्रसिद्ध झाले, आणि शस्त्रक्रियेच्या वेळच्या गुठळ्या पुढें घटल्या. त्याच वर्षीं २३ ऑक्टोबरला नीगाता प्रांतांत भूकंप झाला. धक्के थांबेनात, थंडी पडलेली. घरांत जाण्यास भिऊन लोक मोटारींत पाय मुडपून रात्रीमागून रात्री काढूं लागले, आणि भूकंपांतून वांचलेल्यांपैकीं कित्येक, विशेषतः स्त्रिया, गुठळीनें दगावल्या. त्यानंतरच्या भूकंपांत, २०११ मध्यें आणि २०१६ मध्यें कुमामोतो येथें, डॉक्टर स्वतः आश्रयस्थानांत जाऊन लोकांच्या पायांच्या शिरा यंत्रानें तपासूं लागले. पाणी प्या, पाय हलवा, असें सांगूं लागले. रोग तोच, रक्त तेंच. दिवा मात्र आतां बरोबर नेलेला होता.

आपल्याकडील चित्र असें नाहीं. बत्तीस देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचा भारतापुरता भाग २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. दहा इस्पितळांतील दोन हजारांवर रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिकांना गुठळीचा धोका होता, आणि धोका असलेल्यांपैकीं शंभरांत अठरांनाही मान्य प्रतिबंधक उपाय मिळालेला नव्हता. हीं तर पाहणींत भाग घेणारीं, म्हणजे बरींच जागरूक इस्पितळें. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाली असेल. परंतु ज्या तालुक्याच्या गांवीं चित्र घेण्याचें यंत्रच नाहीं तेथें ती पोंचण्यास वेळ लागणार. यांत डॉक्टरला एकट्याला पुढें करून आपण मोकळें होऊं शकत नाहीं. "आपल्यांत असलें कांहीं होत नाहीं" हें वाक्य केवळ इस्पितळांत बोललें जात नाहीं; वेडाविषयीं, व्यसनाविषयीं, घरांतील छळाविषयींही सुसंस्कृत कुटुंबांत तें मोठ्या समाधानानें बोललें जातें, आणि प्रत्येक वेळीं त्याचा अर्थ "आम्ही पाहिलेलें नाहीं" एवढाच असतो.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर असें दिसतें. न पाहिलेलें नाहीं असें मानणें हा जोंवर आपल्यापुरता विचार आहे तोंवर बुद्धीचा दोष. त्या मानण्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असेल, पाहण्याचें साधन हाताशीं असेल, आणि सांपडल्यास उपाय करतां येण्यासारखा असेल, तर तो सदाचाराचा दोष होतो. मग अंदाज शंभर वेळां बरोबर येवो. शस्त्रक्रियेच्या आधीं "गुठळी होऊं नये म्हणून काय करणार?" असें डॉक्टरला विचारणें, घरच्या रोग्याला लौकर उठवून चार पावलें चालविणें, बाळंतिणीची धाप अशक्तपणाच्या नांवावर न टाकणें, आणि एखाद्या अकल्पित मृत्यूनंतर कारण शोधण्यासाठीं शवविच्छेदनाची विनंती झाली तर दुःखांतही तिचा विचार करणें, एवढें कोणत्याही घराला करतां येईल. गेलेलें माणूस त्यानें परत येत नाहीं. पण त्या घरानें नोंदवहींतील एक ओळ खरी करून ठेवलेली असते, आणि पुढच्या रोग्याच्या खाटेपाशीं उभ्या असलेल्या डॉक्टरला तिचा उपयोग होतो.